अनुदान तोडू नका, त्यावर शिक्षण उभे करा

बारामती-इंदापूर पट्ट्यात 'लाडकी बहीण' किंवा निराधारांच्या अनुदानाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते: फुकट पैसे वाटण्यापेक्षा हाताला कौशल्य द्या, माणसे स्वतःच्या पायावर उभी राहतील. ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत सगळ्या पक्षांचे लोक हे बोलतात आणि कोणी हरकत घेत नाही. माझी हरकत आहे. हे मत वरवरचे आहे. त्यात अनुदान आणि प्रशिक्षण या दोन परस्परविरोधी गोष्टी मानल्या आहेत, आणि प्रशिक्षण झाले की नोकरी आपोआप मिळते असे धरले आहे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे. गरीब घरातल्या बाईला आरोग्यसेवेतल्या नोकरीपर्यंत पोहोचवायचे असेल तर तिचे अनुदान हाच तिच्या शिक्षणाचा पाया धरला पाहिजे. शिक्षणाच्या काळात आणि पहिल्या पगारानंतरही काही काळ ते चालू राहिले पाहिजे. दुसरे, प्रशिक्षण तळाच्या पायरीवर संपता कामा नये, पुढच्या पायरीचा रस्ता पहिल्याच दिवशी आखलेला हवा. तिसरे, त्या शिक्षणाच्या शेवटी खरी, मंजूर, पगाराची जागा हवी. यातली एक गोष्ट वगळली तरी उरलेल्या दोन वाया जातात.

१. 'कौशल्य द्या' या मताची तीन गृहीतके

पहिले गृहीतक असे की अनुदान घेणारी बाई रिकामी बसलेली असते. इंदापूरच्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत विरळणी, डिपिंग आणि तोडणी कोण करते? उसाची लागण आणि खुरपणी कोणाच्या हातून होते? बारामतीच्या एमआयडीसीत आणि टेक्स्टाइल पार्कमध्ये शिलाईवर कोण बसते? अनुदानाच्या महिना दीड हजार रुपयांवर कोणाचे घर चालत नाही, हे तिला कोणी सांगायला नको. ती राबतेच. तिच्या कामाला फक्त सातत्य नाही, नोंद नाही आणि बढती नाही.

दुसरे गृहीतक, तिच्याकडे फक्त कौशल्याची उणीव आहे. प्रत्यक्षात वेळ, प्रवास, लहान मुलांची सोय, दहावी-बारावीचे अर्धवट सुटलेले शिक्षण आणि शिकण्याच्या काळात बुडणारी मजुरी अशा पाच उणिवा एकत्र आलेल्या असतात. यातली एकच भरून काढली तर बाकीच्या चार तिला वर्गातून परत शेतात नेतात.

तिसरे गृहीतक सर्वांत घातक आहे: प्रमाणपत्र मिळाले की काम मिळते. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा अनुभव ताजा आहे. १८ ते ३५ वयाच्या मुलामुलींना शिक्षणानुसार महिन्याला ६, ८ किंवा १० हजार रुपये विद्यावेतन देऊन कामाचा अनुभव द्यायचा, अशी ती योजना. मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढे ती वाढवावी लागली. मुदत संपत आली तेव्हा प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: आता पुढे काय? तो उद्धटपणाचा प्रश्न नव्हता. योजना आखणाऱ्यांनी तो सुरुवातीलाच स्वतःला विचारायला हवा होता.

२. आरोग्यसेवाच का

या दोन तालुक्यांत आरोग्यसेवेची गरज वाढत आहे आणि ती बाहेरून मागवून भागण्यासारखी नाही. २०१९ साली बारामतीत १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आता ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने चालते. शहरात सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि दोन्ही तालुक्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रांचे जाळे आहे. पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण आणि इंदापूरवरून जातो, तिथले अपघाताचे रुग्ण याच भागात आणले जातात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे खासगी रुग्णालयातली खाटही गरिबाच्या आवाक्यात आली. आणि गावोगावी अशी घरे आहेत जिथली मुले पुण्याला नोकरीला आहेत आणि मागे म्हातारे आईवडील मधुमेह, पक्षाघात किंवा खुब्याचे मोडलेले हाड घेऊन पडून आहेत.

हे काम कोणीही करू शकते, असा समज आहे. तो किती खोटा आहे हे एका रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहिले की कळते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. कूस बदलताना त्याला ओढायचे नसते, उचलून सरकवायचे असते, कारण चादरीवर घासली गेली की कातडी सोलते. माकडहाड, टाचा, खुबे आणि खांद्यांची पाती रोज बघावी लागतात. कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबल्यावर पांढरी पडली नाही, तर आत जखम सुरू झाली आहे. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खालीच टांगायची, खाटेवर ठेवायची नाही, नाहीतर लघवी उलटी जाऊन जंतुसंसर्ग होतो. नाकातल्या नळीतून भरवण्याआधी नळी जागेवर आहे का ते बघायचे, डोके वर ठेवायचे आणि भरवल्यावरही निदान अर्धा तास आडवे करायचे नाही, नाहीतर अन्न फुप्फुसात जाते. यातली एक चूक रुग्णाला परत अतिदक्षता विभागात पोहोचवते. ज्या मावशीला हे सगळे नीट येते ती रुग्णाचा जीव वाचवते, मात्र हजेरीपत्रकावर तिची नोंद सफाईच्या किंवा वरकामाच्या खात्यात होते.

म्हणजे काम आहे, कौशल्य आहे आणि गरजही आहे. ज्या बायकांना काम हवे आहे त्या दहा-वीस किलोमीटरच्या आतच राहतात. तरी दोन्ही बाजू एकमेकींना भेटत नाहीत. का, ते पुढच्या तीन मुद्द्यांत पाहू.

३. उत्पन्नमर्यादेचे गणित

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालापासून चालू आहे. विधवा, परित्यक्ता, अनाथ, दिव्यांग अशांसाठी ती आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम एक हजारावरून दीड हजार रुपये झाली, ती वाढ योग्यच होती. पण पात्रतेसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार रुपये आहे. दिव्यांगांसाठी ती ५० हजार आहे. २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपये.

हा आकडा रोजगार हमीच्या मजुरीशेजारी ठेवून पाहा. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात मनरेगाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. ६८ दिवस काम केले की २१ हजारांची रेघ ओलांडली जाते. तेव्हा कायद्याने १०० दिवसांची हमी होती, ते दिवस पूर्ण केले तर ३१,२०० रुपये होत. सरकारने हमी दिलेले काम विधवेने पूर्ण केले, तर सरकारच्याच दुसऱ्या नियमाने ती निराधार उरत नाही.

आता ही बाई रुग्णसेवकाचे प्रशिक्षण घेऊन महिना ८ हजारांवर एखाद्या रुग्णालयात लागली असे धरा. वर्षाचे ९६ हजार झाले. निराधार योजनेची २१ हजारांची मर्यादा आणि अन्नसुरक्षा यादीतील प्राधान्य कुटुंबासाठीची ग्रामीण भागातली ४४ हजारांची मर्यादा तिने एका उडीत ओलांडली. कागदावर ती दोन्हींतून बाहेर पडते. 'लाडकी बहीण'ची मर्यादा कुटुंबासाठी अडीच लाखांची आहे, म्हणजे बरीच उदार. पण तिथेही नवरा एमआयडीसीत १२ हजार मिळवत असेल आणि बायको १० हजारांवर लागली तर वर्षाचे २ लाख ६४ हजार होतात. १४ हजारांनी मर्यादा ओलांडली म्हणून वर्षाचे १८ हजार जाऊ शकतात.

यावर अनुभवी माणूस म्हणेल की एवढी काटेकोर तपासणी होते कुठे? तलाठ्याच्या दाखल्यावर २१ हजारच लिहिलेले असतात. खरे आहे. पण नियम सैल असला तरी भीती सैल नसते. दाखल्यात खोटे आहे हे ठाऊक असलेली बाई नोंद होणाऱ्या नोकरीपासून लांबच राहते. भविष्य निर्वाह निधी कापणारे, बँकेत पगार जमा करणारे रुग्णालय तिला धोक्याचे वाटते. हातात रोख ठेवणारे, कसलीही नोंद न करणारे रुग्णालय सुरक्षित वाटते. उत्पन्नाची मर्यादा तिला अशा रीतीने बिननोंदीच्या मजुरीत ढकलते. आणि हातात रोख मिळणाऱ्या या नोकरीत अनुभवाचा दाखला नसतो, आजारपणाची रजा नसते, पुढे जायचा रस्ताही नसतो.

४. शिकण्याचा खरा खर्च

सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे आपल्या बोलण्यातली एएनएम, हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी बारावी लागते. चर्चा झाली तर ती फीची होते, शिष्यवृत्तीची होते. पण गरीब घरासाठी फीपेक्षा मोठा खर्च बुडालेल्या मजुरीचा असतो. महिन्याला २० दिवस काम आणि दिवसाला तेच ३१२ रुपये धरले, तर महिन्याला ६,२४० आणि दोन वर्षांत जवळपास दीड लाख रुपये बुडतात. 'लाडकी बहीण'चे दोन वर्षांचे मिळून ३६ हजार होतात, म्हणजे या बुडालेल्या मजुरीचा साधारण चौथा हिस्सा.

हा चौथा हिस्सा टीकाकारांना उधळपट्टी वाटतो. मला तो शिक्षणाच्या भांडवलाचा पहिला हप्ता दिसतो. उरलेले तीन हिस्से विद्यावेतन, प्रवास आणि पाळणाघर यांतून भरून काढता येतील. पण पहिलाच हप्ता 'आता तुम्ही प्रशिक्षणात आहात, विद्यावेतन घेता' म्हणून काढून घेतला, तर तिची बेरीज कधीच जुळणार नाही. इंदापूर ते बारामती सुमारे ५० किलोमीटर आहे. गाव हमरस्त्यापासून आत असेल तर आधी फाट्यापर्यंत पायपीट आणि मग एसटीची वाट. मूल दोन वर्षांचे असेल तर ते सासूकडे ठेवायचे, आणि सासू स्वतः मजुरीला जात असेल तर तीही वाट बंद. प्रशिक्षण मध्येच सोडणाऱ्या बाईला 'जिद्द नाही' म्हणणे सोपे आहे. तिच्या दिवसाचा हिशेब मांडून पाहिला तर जिद्दीचा तुटवडा कुठेच दिसत नाही.

५. तळाच्या पायरीवर थांबलेले प्रशिक्षण

कौशल्य विकासाच्या योजनांत आरोग्यसेवेचा सर्वांत प्रचलित अभ्यासक्रम जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णसेवकाचा. तो काही महिन्यांचा असतो. वर सांगितलेली कूस बदलणे, भरवणे, अंग पुसणे ही कामे त्यात शिकवली जातात. अभ्यासक्रम वाईट नाही. दोष असा की तो तिथेच संपतो.

परिचर्या क्षेत्रातल्या वरच्या पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमच्या, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीच्या, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळू शकतो. जीएनएम झालेली परिचारिका दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवीधर होऊ शकते. तुटलेली आहे ती सर्वांत खालची जोडणी. रुग्णसेवक म्हणून पाच वर्षे राबलेल्या बाईला एएनएमच्या प्रवेशात त्या पाच वर्षांचा काही उपयोग नाही. ज्या जागेवर गरीब सर्वाधिक आहेत, नेमका तिथूनच वर जायचा रस्ता बंद आहे.

याचा परिणाम कोविडकाळात दिसला. जून २०२१ मध्ये केंद्राने एक लाख 'कोविड योद्धे' तयार करण्यासाठी सहा प्रकारच्या कामांचे झटपट अभ्यासक्रम सुरू केले. त्याच वर्षी राज्याने महाआरोग्य कौशल्य विकास कार्यक्रमात २० हजार तरुणांना शिकवण्याचे ठरवले. संकटात ते आवश्यकच होते. पण लाट ओसरल्यावर कोविड केंद्रांसाठी घेतलेले कंत्राटी कर्मचारी घरी पाठवले गेले. काहींनी आंदोलने केली. ज्या हातांनी मरणाच्या दारातली माणसे सांभाळली, त्या हातांना पुढचे शिक्षण देण्याची एक उत्तम संधी आपण दवडली.

हा दोष आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत २०१० पासून सरकारी मदत घेणाऱ्या आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांना आरोग्यक्षेत्रातल्या नोकऱ्यांसाठी शिकवणारी मोठी केंद्रीय योजना चालली. तिचे मूल्यमापन चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून काटेकोरपणे झाले. निष्कर्ष विचार करायला लावणारा होता: प्रशिक्षण पूर्ण करणारे वाढले, प्रमाणपत्रे वाढली, पण पाच-सहा वर्षांनंतर कमाईत ठळक फरक दिसला नाही. बऱ्याच जणांनी परिचारिका-सहायकाचा छोटा अभ्यासक्रम केला होता, आणि ती तिथली कमी पगाराची पायरी आहे. त्याच देशातील सॅन अँटोनियो शहरात १९९२ पासून चालणाऱ्या 'प्रोजेक्ट क्वेस्ट'ने दुसरी वाट धरली. लोकांना नोंदणीकृत परिचारिकेसारख्या वरच्या पदांपर्यंत न्यायचे, त्यासाठी दीर्घ शिक्षण द्यायचे आणि त्या काळात समुपदेशन व खर्चाला हातभार चालू ठेवायचा. तशाच कडक पद्धतीने तपासल्यावर नवव्या वर्षी त्यात शिकलेल्यांची वार्षिक कमाई सुमारे ५ हजार डॉलरने जास्त आढळली. यातून निघणारा धडा असा की कुठल्या पायरीपर्यंत नेले आणि वाटेत किती काळ हात धरला, यावर फळ ठरते.

६. महाराष्ट्राने हे आधी करून दाखवले आहे

उदाहरणासाठी परदेशात जायची गरजही नाही. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. समाजाने वाऱ्यावर सोडलेल्या विधवांना तिथे परिचारिकेच्या शिक्षणासाठी तयार करून ससून रुग्णालयात पाठवले गेले. ज्या काळात रुग्णाला स्पर्श करणे उच्चवर्णीय घरांना विटाळाचे वाटत होते, त्या काळात हे घडले. त्यामागे केवळ उपदेश नव्हता. राहायला वसतिगृह होते, खर्चाला शिष्यवृत्ती होती, शिकायला खरे रुग्णालय होते आणि शेवटी मान्यताप्राप्त परीक्षा होती. आश्रय, खर्च, रुग्णालय, परीक्षा हे चारही एकत्र होते म्हणून ते टिकले.

१९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. अल्पशिक्षित, काही तर निरक्षर, दलित-वंचित बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ साली 'लॅन्सेट'ने ते संशोधन छापले. गरीब, कमी शिकलेल्या बाईला हे शास्त्र झेपत नाही, या समजाला त्यानंतर काही आधार उरलेला नाही.

पण याच परंपरेत एक इशाराही आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या आल्या. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित बायकांना या निवडीत जागा होती. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा जागतिक सन्मान केला. मात्र कायद्याने त्या आजही स्वयंसेविकाच आहेत. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशांना दीर्घ संप करावा लागला, तेव्हा राज्याने मानधनात ५ हजारांची वाढ केली. गरीब बाईला आरोग्यव्यवस्थेत आणणे आपल्याला जमले आहे. तिला त्या व्यवस्थेची कर्मचारी मानणे अजून जमलेले नाही.

आणि बारामतीला तर मदतीतून कायमची मत्ता उभी करण्याचा जुना अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे इथल्या जिरायती पट्ट्यात कामाच्या बदल्यात धान्य आणि मजुरी देऊन पाझर तलाव झाले. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले, तेव्हाही भूमिका हीच होती: मदत लाजिरवाणी नाही, तिच्यातून गावाचे काहीतरी उभे राहावे. तेव्हा तलावांची गरज होती. आज शिकलेल्या सेविकांची आहे.

७. आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप: पैसे मिळत राहिले तर कोण शिकेल, कोण काम करेल? दीड हजारांत पंधरवड्याचा किराणाही जेमतेम भरतो. त्या रकमेवर आळशी होणे परवडणारे नाही. उलट पदरात काही निश्चित असेल तरच माणूस रोजची मजुरी सोडून दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा धोका पत्करतो.

दुसरा आक्षेप: सरकारच्या तिजोरीला हे झेपणार नाही. तिजोरीवरचा ताण खरा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण जे अनुदान आज दिलेच जात आहे तेच दोन-तीन वर्षे निश्चितपणे द्यायचे, एवढीच ही मागणी आहे. जी बाई परिचारिका होऊन अनुदानातून कायमची बाहेर पडते तिच्यावरचा खर्च संपतो. जी कायम २१ हजारांच्या रेघेखाली राहते तिच्यावरचा संपत नाही.

तिसरा आक्षेप: रुग्णाच्या जिवाशी खेळ नको, आरोग्यसेवेत गुणवत्ताच पाहा. मान्य. म्हणूनच मी प्रवेशाची अट, परीक्षा किंवा नोंदणी सैल करायला सांगत नाही. बारावी लागते तर बारावी करून घ्या. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची सोय आहे आणि आशांच्या प्रमाणीकरणासाठी ती संस्था वापरलीही गेली आहे. पोहोचण्याची वाट सोपी करा, कसोटी तशीच ठेवा.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: गरीब, बहुतेक दलित-बहुजन बायकांना पुन्हा घाण काढण्याच्या, हलक्या मानलेल्या कामातच कोंबले जाईल. हा धोका काल्पनिक नाही. सुईणींचे ज्ञान शतकानुशतके वापरले गेले आणि त्यांना मान मात्र मिळाला नाही. पण या धोक्यावरचा उपाय त्यांना आरोग्यसेवेपासून दूर ठेवणे हा नव्हे. तळाच्या कामाला रीतसर पद, वेतन आणि पुढची पायरी देणे हाच उपाय आहे. पुढची पायरी नसलेले प्रशिक्षण जातीची जुनी वाटणी प्रमाणपत्रासह पक्की करते, म्हणून मी त्याच्या विरोधात आहे. आणि हे वर्ग पुरुषांनाही तितकेच खुले हवेत, म्हणजे सेवा हे बाईचेच काम ही समजूतही ढिली होईल.

पाचवा आक्षेप: शिकून त्या पुण्याला निघून जातील. काही जातील, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण लहान मुले, म्हातारी माणसे आणि घर सोडून जाणे या वयाच्या बहुतेक बायकांना शक्य नसते. त्यांना इथेच नीट पगार मिळाला तर त्या इथेच थांबतील.

८. दोन तालुक्यांपुरता आराखडा

बारामती-इंदापूर हा प्रयोगाला योग्य भाग आहे. वैद्यकीय महाविद्यालय आहे, दोन उपजिल्हा रुग्णालये आहेत, सहकारी साखर कारखाने आहेत, मोठ्या शिक्षणसंस्था आहेत आणि राजकीय वजनही आहे. माझ्या दृष्टीने सहा गोष्टी एकत्र व्हायला हव्यात.

एक, नोंदणीकृत आरोग्य प्रशिक्षणात असलेल्या व्यक्तीचे अनुदान प्रशिक्षणभर आणि नोकरीच्या पहिल्या २४ महिन्यांत बंद होणार नाही, असा शासन निर्णय. त्या काळातला पगार आणि विद्यावेतन निराधार, रेशन व 'लाडकी बहीण'च्या उत्पन्नात धरू नये.

दोन, २१ हजारांची मर्यादा रद्द करून ती निदान रोजगार हमीच्या वर्षभराच्या कमाईच्या वर नेणे.

तीन, प्रशिक्षण बाजारपेठेतल्या भाड्याच्या गाळ्यात नको, रुग्णालयाच्या वॉर्डात हवे. सिद्धान्ताचे वर्ग इंदापूर, भिगवण, वालचंदनगर अशा ठिकाणी आणि प्रत्यक्ष काम उपजिल्हा रुग्णालयांत व वैद्यकीय महाविद्यालयात. सोबत एसटीचा पास आणि वर्गाशेजारी पाळणाघर.

चार, तुटलेली पायरी जोडणे. दोन वर्षे काम केलेल्या रुग्णसेविकांना आणि आशांना एएनएम प्रवेशात राखीव जागा, अनुभवाचे गुण आणि वयात सवलत. हे काम राज्य शासन, परिचर्या मंडळ आणि भारतीय परिचर्या परिषद यांनी मिळून करावे लागेल.

पाच, जागा. डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या अहवालाने राज्यातल्या आरोग्यसेवेत डॉक्टर, परिचारिका आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांची पदे मोठ्या संख्येने रिक्त असल्याचे नोंदवले आहे. ती न भरता प्रशिक्षणाचे वर्ग काढणे ही फसवणूक ठरते. तळाची पदेही ठेकेदारामार्फत न भरता रुग्णालयाच्या आस्थापनेवर भरावीत.

सहा, मोजमाप. किती प्रमाणपत्रे वाटली हा आकडा जाहिरातीचा आहे. दोन वर्षांनी किती जणी नोकरीत आहेत, पगार किती आहे आणि किती जणी पुढच्या पायरीवर गेल्या, हे तीन आकडे दरवर्षी ग्रामसभेत आणि पंचायत समितीत वाचले जावेत. प्रशिक्षण संस्थेचे अंतिम देयक त्या आकड्यांना बांधलेले असावे.

या सहापैकी एकही गोष्ट अशक्य कोटीतली नाही. काहींना शासन निर्णय पुरेसा आहे, काहींना अर्थसंकल्पात तरतूद लागेल, आणि चौथ्या मुद्द्यासाठी दिल्लीपर्यंत पाठपुरावा करावा लागेल. त्यातल्या सोयीच्या दोन उचलून बाकीच्या सोडल्या तर पुन्हा फक्त प्रमाणपत्रेच वाटली जातील. गरिबांना अनुदान द्यावे की शिकवावे, हा वाद आपण बरीच वर्षे घालत आहोत, आणि तेवढी वर्षे दोन्ही गोष्टी अर्धवट देत आहोत. सरकारने दीड हजार रुपये देणे सुरू केले आहेच. आता त्या दीड हजारांवर वसतिगृह, वॉर्ड, परीक्षा आणि पद उभे करणे ही त्याची पुढची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडायला लावणे आपली.